कागद विझेपर्यंत

मॅडम बाजारात शिरल्या की मासेवाल्या बायका टोपल्यांवर फडकी ओढून घेत. माझी आईही त्यांच्यातच बसायची. मॅडम कधी भाव करत नसत, कोणाशी वाद घालत नसत. अडचण एवढीच होती की त्या मासा घ्यायला आलेल्याच नसत. त्यांना माशाचा मेंदू हवा असे. बांगड्याचा, सुरमईचा, मिळेल त्याचा, पण त्याच पहाटे आलेल्या मासळीचा. टोपलीसमोर उकिडव्या बसून त्या पर्समधून चिमटा काढत, डोकं हलकेच उघडत आणि आतला वाटाण्याएवढा पांढुरका गोळा बर्फाच्या थर्मासात टाकत.

"बायनू, मेंदू काढून घेतल्यार ह्या डोक्यात काय रवतला?" आईने पहिल्याच दिवशी विचारलं. "गिऱ्हाइकाक काय सांगू मी?"

"चव जात नाही," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "मी घरी सार करून बघितलंय. तीन वेळा."

मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बाटल्या धुवायच्या, बर्नर पुसायचे, मुलांनी फोडलेल्या काचा वेचायच्या. मॅडम आमच्याकडे शिकवायला आल्या तेव्हा एसटीडीच्या बूथसमोर रांग लागायची, आणि त्या निवृत्त झाल्या तेव्हा आईच्या टोपलीतसुद्धा मोबाइल होता. मधली सगळी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्या मूळच्या आरोंद्याच्या, शिकल्या मुंबईत. लग्न केलं नव्हतं. वर्गात आणि ऑफिसात शुद्ध मराठी बोलायच्या. काच फुटली किंवा फार आनंद झाला तरच मालवणी बाहेर पडायची. काचा पुष्कळ फुटायच्या, त्यामुळे मुलांना ती ओळखीची होती.

त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतं. प्रयोगाची वेळ त्या तोंडाने मोजत. एक, दोन, तीन, असं सावकाश, आणि मोजत असताना कोणी बोलायचं नाही. एकदा प्राचार्य कोणा पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आले. मॅडम त्या वेळी दोनशे सोळावर होत्या. त्यांनी नुसता तळहात वर केला आणि पुढे मोजायला लागल्या. प्राचार्य, पाहुणे आणि मागून चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई, सगळेच चारशेपर्यंत दारात उभे राहिले. चारशे झाल्यावर मॅडम वळून म्हणाल्या, "या ना, बसा." मला वाटलं आता काहीतरी होणार. पण प्राचार्यांनी पाहुण्यांना एवढंच सांगितलं, "आमच्याकडे काम असं चालतं."

रंगाच्या बाबतीत तर त्या फारच कडक. एखादा मुलगा परीक्षानळी बघून "केशरी" म्हणाला की त्या त्याला खिडकीशी न्यायच्या.

"कसला केशरी? अबोलीचा? पपईचा? की पिकलेल्या भोपळ्याच्या सालीचा?"

"मॅडम, केशरीच."

"मग तू बघितलंच नाहीस. परत बघ."

मला ह्या सगळ्याची गंमत वाटायची. त्यांच्या मागे मी त्यांची नक्कलही करायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही. गंमत संपली ती एका दुपारी.

दोन वर्षं त्या एका पुडीच्या मागे लागल्या होत्या. कुडाळच्या सायबर कॅफेत बसून परदेशातल्या लोकांचे लेख छापून आणायच्या आणि कॉलेज सुटल्यावर काहीतरी ढवळत बसायच्या. हातमोज्यांशिवाय त्यांनी मला त्या भांड्यांना कधी हात लावू दिला नाही. हाताला यायचं ते फिकट पिवळं गढूळ पाणी. ते मोरीत ओतायलाही मनाई. वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं. त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काळ्या पडद्याची एक पेटी होती, आत जांभळ्या उजेडाचा दिवा.

"डोकं घाल आत. आणि काय दिसतं ते सांग."

मी पडदा बाजूला करून वाकले. आत एक साधी काचेची कुपी होती आणि ती पेटलेली होती. म्हणजे जाळ नाही, धूर नाही, ऊबसुद्धा नाही. पाणीच आतून उजळलेलं. सूर्य बुडाल्यावर समुद्राच्या कडेला एक पट्टा राहतो ना, तसला केशरी. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"मॅडम, ह्यात काय घातलंत?"

"काही नाही गो. तोच पदार्थ आसा. नुसतो बारीक केलंय." त्या मालवणीत बोलत होत्या, आणि काच तर कुठलीच फुटली नव्हती. "इतको बारीक की तुझ्या एका केसाच्या जाडीत हजारो कण रांगेन बसतले. मोठो आसताना तो नुसतो पिवळो दगड. बारीक केलो की उजेड देता."

मी बारावी झालेली बाई. मला त्यातलं सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांची नक्कल करणं सोडलं.

मेंदू कशाला हवा, तेही मग कळलं. माशाच्या मेंदूत, आपल्याही मेंदूत, एक रस असतो. नसांचं काम त्याच्यावर चालतं. आंब्या-काजूवर जी जहाल औषधं फवारतात त्यांतली बरीचशी नेमकी ह्या रसालाच मारतात. किडा मरतो तो त्यामुळे. मॅडमांनी कागदाच्या पट्टीवर ते उजेड देणारे कण बसवले. त्यावर मेंदूतला रस आणि सोबत एक द्रव्य घालायचं. रस जिवंत असेल तर तो त्या द्रव्याचे तुकडे करतो आणि त्या तुकड्यांनी केशरी उजेड विझत जातो. खाली उरतो कागदाचा स्वतःचा निळसर रंग. पण तपासायच्या पाण्यात औषध असेल तर रस मरतो, आणि केशरी तसाच राहतो. विझला तर चांगलं, पेटता राहिला तर विष.

"ही युक्ती माझी नाही," त्या प्रत्येकाला बजावत. "जगात खूप जण ह्याच्या मागे आहेत. मी फक्त आपल्या बांगड्यावर आणि आपल्या आंब्यावर करून बघतेय."

आमच्या वाडीच्या वर, डोंगराच्या उताराला तात्यांची हापूसची मोठी बाग. तात्या कॉलेजच्या समितीवरही होते. त्यांनीच मॅडमांना म्हटलं, बागायतदारांना बोलावतो, करून दाखवा. एवढ्या बारीक कणांना नॅनो म्हणतात, आणि पेपरात तेव्हा त्याच नावाची छोटी गाडी येणार म्हणून रोज बातम्या. त्यामुळे नॅनो म्हटल्यावर अर्धे लोक गाडी बघायला आले होते. गावच्या शाळेतल्या एका वर्गाच्या खिडक्यांना आम्ही सतरंज्या आणि ताडपत्र्या ठोकल्या. भर दुपारी आत काळोख, आणि तीस-चाळीस माणसं घाम पुसत बसलेली. नोटा तपासायचा दिवा पतपेढीतून मागून आणला होता.

मॅडमांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "ज्या झाडाला जन्मात औषध लागलेलं नाही असा एक आंबा घेऊन ये. पहिल्यांदा तो दाखवायचा. चांगलं कसं दिसतं ते आधी कळलं पाहिजे." माझ्या परसात रायवळाचं जुनं झाड आहे. त्याला औषध सोडा, कधी शेणसुद्धा घातलेलं नाही. मी त्याचा आंबा नेला.

मॅडमांनी साल पाण्यात खळबळून ते पाणी पट्टीवर टाकलं आणि मोजायला लागल्या. शंभर झाले. दोनशे झाले. कागद केशरी. तीनशे. माणसं खुर्च्यांवर चुळबुळायला लागली. चारशे. कागद जसाच्या तसा पेटलेला.

"बाई," काळोखातून तात्यांचा आवाज आला, "हा रानटी रायवळ विषारी, तर आमचा हापूस काय म्हणायचा?"

हसण्याचा एकच गदारोळ झाला. कोणीतरी सतरंजी ओढली, उजेड आत आला. मॅडम दिव्यापाशी उभ्या होत्या. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, रस खराब झाला, बर्फ वितळला, उन्हाचा दोष. मॅडम म्हणाल्या, "माझ्या प्रयोगात चूक आहे किंवा ह्या आंब्यात विष आहे. कुठलं ते आज मला सांगता येत नाही. तुमचा वेळ घेतला. माफ करा." आणि सगळं सामान स्वतः पिशवीत भरलं.

पुढले तीन दिवस त्या चूक शोधत होत्या. रस तपासला, तो जिवंत होता. शुद्ध पाण्यावर कागद छान विझत होता. माझ्याच झाडाचा दुसरा आंबा त्यांनी स्वतः येऊन तोडून नेला, त्याच्यावरही विझला. तोच गर, तीच साल, तेच झाड, आणि त्या दिवशीचा एकच आंबा पेटता. मी त्यांच्या मागे उभी राहून बघत होते. मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती सांगितली नव्हती.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "मॅडम, तुमी ओरडतल्यात."

"काय झालं?"

"त्या आंब्याक चीक लागलो होतो. असो कसो न्हेवचो चार माणसांत, म्हणान मी तो धुतलंय."

मला वाटलं आता माझी धडगत नाही. मॅडम उठल्या, माझा दंड धरला.

"कुठल्या पाण्याने?"

"विहिरीच्या. आमच्या वाडीच्या."

"ते पाणी कशाला वापरता तुम्ही?"

"कशाला म्हणजे? पितो."

मॅडम हळूच खुर्चीत बसल्या. मला उलगडायला थोडा वेळ लागला. मोहोर आला, बागांत फवारण्या सुरू झाल्या की आमच्या वाडीत कोणाचं ना कोणाचं डोकं गरगरायचं. तोंडाला पाणी सुटायचं, पोटात मळमळायचं. माझी सासू तर माघ-फाल्गुनात अर्धा वेळ पडून असायची. आम्ही म्हणायचो पित्त आहे, ऊन बाधलं. बारा घरं त्या एका विहिरीवर. माझी सात वर्षांची मुलगीही तेच पाणी पीत होती, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आंबा मी तिच्यासमोरच धुतला होता.

त्या संध्याकाळी मॅडम आमच्या विहिरीवर आल्या. पट्टीवरचे कणही विषारीच, म्हणून पट्टी त्यांनी विहिरीच्या जवळपासही आणली नाही. बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेलं. कागद विझला नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. त्याच दिवसापासून वाडीने त्या विहिरीचं पाणी पिणं बंद केलं, आणि आम्ही पलीकडल्या वाडीतून कळश्या वाहायला लागलो. पण कारण शोधायचं तर वर चढायला हवं होतं, आणि वर तात्यांची बाग.

मी मॅडमांबरोबर गेले. तात्या पडवीत बसले होते. हसत म्हणाले, "काय बाई, आता आणखी कोणता आंबा विषारी निघाला?"

"तुमच्या बागेतले फवारणीचे पंप कुठे धुतात?"

"व्हाळात. का?"

व्हाळ म्हणजे पावसाळ्यातला ओढा. उन्हाळ्यात नुसती रेती. तो बागेतून उतरून आमच्या विहिरीच्या बाजूने जातो. मॅडमांनी सगळं सांगितलं. तात्यांचा चेहरा बदलला.

"तुमचा कागद त्या दिवशी चाळीस माणसांनी बघितलाय. त्याच्या भरवशावर माझ्यावर आळ घेता?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "माझ्यावर भरवसा ठेवू नका. सहा बाटल्या घ्या. सहा ठिकाणचं पाणी तुम्ही स्वतः, तुमच्या हाताने भरा. कुठली कुठली ते मला सांगू नका, बुडाला खूण करून ठेवा. कुठल्यात विष आहे ते मी खूण न बघता सांगते. चुकले तर शाळेत परत लोकांना बोलावून माझी चूक मी सांगेन."

तात्या तिरमिरीत उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या आंब्यांच्या कोठीत, झरोक्यांत गोणपाट कोंबून, आम्ही तिघं बसलो. पेंढ्याचा आणि पिकत्या आंब्यांचा वास. सहा बाटल्या, सहा पट्ट्या. मॅडमांनी दिवा लावला आणि सहाही पट्ट्या केशरी उजळल्या. मग त्या मोजायला लागल्या.

दीडशेच्या सुमारास पहिली मंदावली. मग चौथी. केशरी मावळत गेला आणि खालून निळा वर आला, अगदी अलगद, जसं कोणी फुंकर घालतंय. तात्या पुढे सरकले. त्यांनी हे आधी बघितलंच नव्हतं. शाळेत तर कागद विझलाच नव्हता. तीनशेला पाचवी विझली. चारशेला मॅडम थांबल्या. तीन निळ्या, तीन केशरी.

"दुसरी, तिसरी आणि सहावी," मॅडम म्हणाल्या. "ह्या तीन बाटल्यांतलं पाणी पिऊ नये."

तात्यांनी दुसरी बाटली उलटी केली. "वाडीची विहीर." तिसरी बघितली. "हीसुद्धा वाडीचीच. मी मुद्दाम दोनदा भरली होती." सहावी उचलली आणि हातातच धरून राहिले.

"काय झालं?" मॅडमांनी विचारलं.

"ही नाय. हीत चूक आसा तुमची." समितीवर बोलायची त्यांची मराठी गेली होती. "ही माझ्या घरची. परसातली, व्हाळाकडची विहीर."

"आपण परत करू," मॅडम हलकेच म्हणाल्या.

परत केलं. त्यानंतर आणखी एकदा. तात्या प्रत्येक वेळी नव्याने बाटली भरून आणत होते. कागद तिन्ही वेळा पेटता राहिला. कोठीच्या उंबऱ्यावर बसून ते म्हणाले, "माझी सून पोटाशी आसा, बायनू. दोन महिने झाले, तिच्या तोंडाक सारखा पाणी सुटता. आमी म्हटला, दिवसच तसे आसत."

मॅडम त्यांच्या शेजारी उंबऱ्यावरच बसल्या. "आज तिला डॉक्टरकडे न्या. मी चिठ्ठी लिहून देते, डॉक्टरांना दाखवा." मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतः बाटली भरली म्हणून कळलं. मी भरायला गेले असते तर तुमच्या घरचं पाणी मी घेतलंच नसतं."

तात्यांनी त्यानंतर काय केलं ते वाडीने बघितलं. पंप धुवायची जागा त्यांनी डोंगराच्या पलीकडे, पाण्यापासून लांब, खड्डा बांधून केली. दोन्ही विहिरी माणसं लावून तळापर्यंत उपसल्या, गाळ बाहेर काढला. सरकारी प्रयोगशाळेत नमुने पाठवले ते त्यांच्याच नावाने. दीड महिन्याने उत्तर आलं आणि त्यात मॅडमांच्या कागदाने सांगितलं होतं तेच होतं. सुनेला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. शाळेत परत लोकांना बोलावलं ते तात्यांनी, आणि उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या दिवशी हसलो तो मी होतो."

मॅडम पुढे दोनेक वर्षांनी निवृत्त झाल्या आणि आरोंद्याला खाडीकाठी भावाकडे राहायला गेल्या. त्यांच्या कागदाचं पुढे फार मोठं काही झालं नाही. ताजा मेंदू, बर्फ, काळोख, एवढं सगळं सांभाळणार कोण? मोठ्या शहरांत ह्याहून सोपे आणि चांगले कागद निघाले असतील. त्यांना त्याचं वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. मला मात्र त्यांची आठवण आली की कोठीतली ती दुपारही आठवत नाही. आठवते ती चतुर्थीच्या आधीची एक सकाळ.

पावसाने विहीर काठोकाठ भरली होती. जूनपासून दर आठवड्याला मॅडम बाटली न्यायच्या. आधी कागद पपईसारखा राहायचा, मग फिकटला, मग अर्धवट विझायला लागला. आषाढ अर्धा सरला तेव्हा तो पुरता निळा झाला आणि तसाच होत राहिला. सरकारी प्रयोगशाळेचा अहवालही चांगला आला. तरी वाडीत कोणी ते पाणी पीत नव्हतं. पाच महिने आम्ही पलीकडल्या वाडीतून कळश्या वाहत होतो, पाठ मोडत होती, मुंबईची माणसं चार दिवसांवर आली होती, पण विहिरीत डोकावून बघायलाही बायका भीत. काही दिसत नव्हतं तेव्हा पीत होतो. आता काही नाही असं सांगूनही घोट उतरत नव्हता.

मॅडम सकाळी आठच्या एसटीने उतरल्या आणि तडक विहिरीवर आल्या. बायका लांब उभ्या राहिल्या. मॅडमांनी मला बादली सोडायला लावली, पिशवीतून पितळेचा पेला काढला.

माझी सासू पुढे झाली. "बायनू, तुमी कित्याक? तुमी पावण्या. आधी आमी पितव."

"भय मीच घातलंय," मॅडम म्हणाल्या, "तर काढूक पण मीच व्हयी."

त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि सावकाश, एका दमात संपवला. पदराने तोंड पुसलं. मग पुन्हा भरला आणि तोही प्यायल्या. नंतर विहिरीच्या कठड्यावर बसल्या, छत्री मांडीवर घेऊन, जशा बस यायची वाट बघताहेत. पावसाची एक बारीक सर येऊन गेली. त्यांनी छत्रीही उघडली नाही.

मग सासू पायरी उतरून आली. त्यांच्या हातातला पेला घेतला, बादलीत बुडवला, डोळे मिटून प्यायली. जरा थांबली.

"गोड आसा गो," ती मागे वळून बायकांना म्हणाली. "पयल्यासारखा."

त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या विहिरीचा रहाट थांबला नाही.